आधी मधल्या महिन्यांची बेगमी

खासबाग, बेळगाव

चि. बाळू,

पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तुला सीएनसी ऑपरेटरची जागा मिळाली आणि पुढच्याच महिन्यात बिऱ्हाड हलवायचं तुझ्या मनात आहे, हे तुझ्या आईकडून, अक्काकडून कळलं. उद्यमबागेत तयार झालेल्या हाताला चांगला मोबदला मिळतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. तू जावंस की नाही, याबद्दल मला काही म्हणायचं नाही, जरूर जा. पण तू अक्काला सत्तर हजारांचा खर्च सांगितलास. टेम्पो-हमालीचे १८,०००, डिपॉझिटचे ४०,००० आणि पहिल्या भाड्याचे १२,०००, असा तुझा हिशोब संपतो आणि माझी काळजी तिथून सुरू होते. टेम्पोच्या भाड्यानं कुणाचा संसार कोलमडत नाही. जुनी मिळकत थांबलेली, नवी अजून हातात न आलेली, जुन्या सवलती सुटलेल्या आणि नव्या लागू न झालेल्या, असे मधले तीन महिने असतात; माणूस कर्जात जातो तो त्या महिन्यांत. म्हणून त्यांची बेगमी आधी कर आणि मगच निघायचा दिवस धर. असं का म्हणतो, ते सविस्तर लिहितो.

पैसे कोणत्या तारखेला जातात आणि कोणत्या तारखेला येतात, ते आधी कागदावर मांड. किल्ली हातात पडण्यापूर्वीच डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून ५२,००० गेलेले असतील. एजंटामार्फत घर घेतलंस तर त्याची दलाली वेगळी. ती महिन्याच्या भाड्याइतकीही होऊ शकते. पगार मात्र काम केल्यावरच. त्यात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रुजू झालास आणि ते दिवस पुढच्या पगारात धरले गेले, तर पहिले पैसे खात्यात यायला महिन्याच्या वर दिवस जातील. तोवर दुसरं भाडं दारात उभं राहतं, शाळेची फी येते, किराणा तर रोजचाच. खासबागच्या रविवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी भरायची सवय असलेल्या घराला तिकडे तीच पिशवी किती रुपयांत भरते, हेसुद्धा एकदा जाऊन बघ. डिपॉझिट बुडत नाही, परत मिळतं, हे खरं. पण अडकलेल्या पैशानं दुकानदाराची उधारी फिटत नाही. भाड्यासकट महिन्याचा खर्च २७,००० धरला तर तीन महिन्यांचे ८१,००० होतात. त्यात डिपॉझिट, टेम्पो आणि दलाली-कराराचे बारा हजार मिळव. बेरीज १,५१,००० होते. आकडे मी अंदाजानं घातले आहेत, खरे तू चौकशी करून घाल. पण तुझ्या बेरजेपेक्षा ही बेरीज दुपटीच्या वर गेली ती कशामुळे, हे तुझ्या लक्षात येईल.

भाड्याच्या कराराबद्दल इथेच सांगतो, कारण तुझं डिपॉझिट त्याच कागदावर सुरक्षित राहणार आहे. तिकडे बहुतेक ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदलेलाच असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर लागतं. तुझ्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं १,३२,००० आणि ४०,००० वरचं व्याज साडेतीन-पावणेचार हजार, म्हणजे शुल्क साडेतीनशेच्या आसपास. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. शुल्क आणि फी मिळून दीड हजाराच्या आतलं काम आहे. वर एजंटाची मजुरी काय ती. 'नुसती नोटरी करू, स्वस्त पडेल' असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. गॅस, बँक, शाळा, आधारचा पत्ता, आरटीओ, सगळीकडे हाच करार मागतात. घर सोडताना रंगाचे किती कापणार आणि डिपॉझिट किती दिवसांत परत देणार, हेही त्यातच लिहून घे.

आता तुझ्या हिशोबातून पूर्ण निसटलेली गोष्ट. बेळगावहून हुबळीला बिऱ्हाड नेणं वेगळं आणि पुण्याला नेणं वेगळं. निपाणीच्या पुढे कोगनोळीचा नाका गेला, दूधगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलतं आणि घरातल्या निम्म्या कागदांचा अर्थही बदलतो. २०२३ पासून कर्नाटकात गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० येतात, गृहज्योतीत दरमहा २०० युनिटपर्यंत वीजबिल माफ आहे, शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही. गृहलक्ष्मी रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या नावे असते. तुमच्या कार्डावर ती अक्का आहे आणि अक्का इथेच राहणार असेल तर तिचं चालू राहील. पण तिकडच्या घरात विजेचं बिल तुला भरावं लागेल आणि बसचं तिकीट सूनबाईला काढावं लागेल. 'महाराष्ट्रातही लाडकी बहीण आहेच' असं तू म्हणशील. ती योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाच तिथला रहिवासी दाखला किंवा १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र असला पुरावा मागितला होता. तिचे १,५०० रुपये जमेत धरून घरभाडं ठरवू नकोस. रेशनचं थोडं बरं आहे. 'एक देश, एक रेशनकार्ड' सोयीत केंद्राच्या कोट्याचं धान्य तिकडच्या दुकानातही अंगठा लावून मिळतं. इथलं सरकार वरून देतं ते मात्र मिळत नाही.

तुझी मोटारसायकल केए-२२ पासिंगची. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी इथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, मग महाराष्ट्राचा कर, आणि त्यानंतर कर्नाटकात एकरकमी भरलेल्या करातून उरलेल्या वर्षांच्या परताव्यासाठी अर्ज, असा क्रम आहे. म्हणजे आधी खिशातून घालायचे आणि परताव्याची वाट बघायची. गाडी बरीच जुनी असेल तर इथेच विकून तिकडे तिथल्या पासिंगची घेणं परवडतं का, ते पडताळून बघ.

यावर तुझ्या मनात काय येईल, ते मला ठाऊक आहे. आपण मराठी, जातोय महाराष्ट्रात, तिथे सगळी आपलीच माणसं. परमुलखात गेल्यासारखा हा हिशोब कशाला? ही भावना खरी आहे आणि तिचा मला आदरच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून सीमाभागातल्या घराघरात ती जपली गेली. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिथलं सरकार काही प्रवेशांत आणि योजनांत सवलत देतं. जी सवलत तुला खरोखर लागू असेल तिचा शासन निर्णय शोधून हातात ठेव. पण खिडकीवरच्या कारकुनाला तुझी भाषा दिसत नाही, तुझा पत्ता दिसतो. डोमिसाइलला साधारण १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. जातीचा दाखला एका राज्याचा असला की त्यावरचं आरक्षण दुसऱ्या राज्यात जाऊन बसलेल्याला मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. मुलं कॉलेजात जातील तेव्हा फीच्या हिशोबात हे येणारच. आपली माणसं पाहुणचार करतील, दोन दिवस ठेवून घेतील, घर शोधायला सोबत येतील. सरकारी खिडकीवरचं काम मात्र कागदावरच होईल. तेव्हा मायेवर भिस्त ठेव, पण हिशोब पत्त्यावर कर.

पैसे उभे करायचे कुठून? पिग्मीची ठेव चालू आहे ती मुदतीआधी मोडलीस तर व्याजाला मुकशील, वर कापही लागेल. तिची मुदत बघूनच निघायची तारीख धर. भिशीची उचल घेतली असशील तर उरलेले हप्ते तुझ्यावर कर्ज आहेत, ते मासिक खर्चात लिही. आणि सोसायटीत कुणाला जामीन राहिला असशील तर निघण्यापूर्वी त्या कर्जाची आजची बाकी विचारून घे. गाव सोडल्यानं जामीनकी सुटत नाही. नोटीस खासबागच्या पत्त्यावर येते आणि ती अक्काच्या हातात पडते. पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर नव्या कंपनीत वर्ग कर. पाच वर्षं पुरी होण्याआधी काढलास तर करही लागू शकतो. डिपॉझिटसाठी दागिने तारण ठेवणं मला पटत नाही, कारण घरमालकाकडे पडलेल्या पैशाला व्याज मिळत नाही आणि सोन्यावरच्या कर्जाला ते महिन्याच्या महिन्याला लागतं. मोबाइलवरच्या झटपट कर्जाकडे तर बघूच नकोस. आणि सोप्यातले दोन माग भंगारात घालायचा विचार निदान वर्षभर डोक्यातून काढून टाक. खासबाग-वडगावात माग हे घरातलं सामान नाही, मिळकत आहे. भंगाराचे पैसे एकदाच येतात. माग चालता राहिला तर अक्काचा महिना निघतो.

'कंपनी माझ्यासाठी थांबणार नाही' हा तुझा मुद्दा रास्त आहे. त्यावर माझं म्हणणं असं की नोकरी आणि बिऱ्हाड एकाच दिवशी हलायला हवं, असं कुठे आहे? तू ठरल्या तारखेला रुजू हो आणि पहिले काही महिने कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेपुरती जागा भाड्यानं घेऊन राहा. दोन ठिकाणचा खर्च दुप्पट होईल ही भीती आकड्यांपुढे टिकत नाही. इथलं घर स्वतःचं, त्याला भाडं नाही. वीज सवलतीची, माग चालू, मुलं त्याच शाळेत. तुझी कॉट आणि मेस मिळून आठ-नऊ हजार धरले तरी ते तिकडच्या नुसत्या घरभाड्याहून कमीच. याच काळात पगार हातात किती पडतो, ओव्हरटाइम खरोखर मिळतो का, कायम होण्याची शक्यता किती, हे कळेल. काम जमलं नाही तर एक बॅग घेऊन परत येशील; टेम्पोभर सामान आणि शाळेतून काढलेली मुलं घेऊन यावं लागणार नाही. इथली शाळा एप्रिलपर्यंत उरकते, तिकडची जूनच्या मध्याला उघडते. मे महिन्यात बिऱ्हाड नेलंस तर फीही दोनदा भरावी लागणार नाही. सूनबाईला आणि मुलांना तुझ्याविना राहावं लागेल, हे मोल पैशात मोजता येत नाही आणि ते हलकं आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच हा काळ किती महिन्यांचा, ते तिच्याशी बोलून आधीच ठरव आणि तो लांबू देऊ नकोस.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. हातावर पोट असलेल्या माणसाची अशी बेगमी कधी पुरी होतच नाही, आणि ती होईपर्यंत थांबणारा जन्मभर थांबतो. हे खरं आहे, म्हणून बेगमीला मर्यादा घातली पाहिजे. तीन महिने, त्याहून जास्त नाही. एकटा राहून पगारातून शिल्लक टाकत गेलास तर ती रक्कम तिथेच उभी राहील. ठरल्या मुदतीत कमी पडली, तर दोन खोल्यांऐवजी एक खोली-स्वयंपाकघर बघ, चाकणपासून थोडं लांब बघ. घर लहान घे, पण बेगमी लहान करू नकोस. लहान घरातून वर्षभरानं मोठ्या घरात जाता येतं. पहिल्या तीन महिन्यांत घेतलेलं महाग कर्ज मात्र वर्षानुवर्षं मागे लागतं.

सामानाचं थोडक्यात सांगतो. टेम्पोला महाराष्ट्रात जायचं परमिट आहे का, ते आधी बघ. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे नाके वाटेत आहेत. जातायेताचा टोल, भराई-उतराई सगळं भाड्यात धरलंय का, ते बोलून घे. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. गॅसचं कनेक्शन इथे जमा करून व्हाउचर घे. ते हरवलं तर तिकडे पुन्हा पहिल्यापासून. जे सामान नेण्याचा खर्च त्याच्या आजच्या किमतीहून जास्त, ते इथेच अक्काकडे राहू दे.

हे सगळं तुला अडवायला लिहिलेलं नाही. सीमाभागातली मुलं पोटासाठी पुण्या-मुंबईला जातच आली आहेत, आणि त्यात गैर काही नाही. मला एवढंच हवं आहे की तू तिकडे नोकरी करायला जावंस, देणी फेडायला नव्हे. या रविवारी एक कागद घे; डावीकडे पैसे जाण्याच्या तारखा, उजवीकडे येण्याच्या तारखा लिही, आणि सूनबाईला शेजारी बसवून भर, कारण त्या महिन्यांतलं घर चालवायचं आहे तिला. तीन महिन्यांची बाजू भरून निघाली की मला कळव. टेम्पो ठरवायला मी स्वतः येईन.

तुझा,
मामा