गवती निचरामार्ग आणि भूवस्त्राचे आयुष्य

महाराष्ट्रात बांधबंदिस्तीच्या कामाला दीर्घ परंपरा आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने तिला कायद्याचे अधिष्ठान लाभले. परंतु बांधांनी अडवूनही उरणारे जादा पाणी नाल्यापर्यंत सुरक्षितपणे पोचविणे, हेही या कामाचे तितकेच महत्त्वाचे अंग होय. त्यासाठी रुंद, उथळ व गवताने आच्छादलेला निचरामार्ग तयार करतात. हरळीसारखे गवत दाट रुजले, की सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने वाहणारे पाणीही तो सहन करतो. खरा धोका असतो तो पहिल्या पावसाळ्यात. माती उघडी, मुळे कोवळी आणि सरी मात्र पूर्ण जोराच्या! एखाद्या रात्रीत घळ पडते आणि घडण्यास शेकडो वर्षे लागलेली माती वाहून जाते.

आधार किती काळ?

हा धोका टाळण्यासाठी निचरामार्गावर जाळी अंथरतात. भारतीय मानकांत काथ्याच्या अशा जाळीला ‘भूवस्त्र’ हे समर्पक नाव आहे. तागाची जाळी साधारणतः एक ते दोन वर्षांत कुजते. काथ्यात लिग्निनचे प्रमाण सुमारे ४० टक्के वा अधिक असल्याने तो तीन ते पाच वर्षे तग धरतो. मात्र सतत ओलसर व उष्ण जागी हा काळ कमी होतो. कुजणे हा येथे दोष नव्हे. तोवर मुळांनी माती धरली, तर जाळीचे काम पूर्ण झाले.

प्रवाहाचा वेग गवताच्या शक्तीपलीकडे असेल, तेथे प्लास्टिकची कायम जाळी वापरतात. तिचा शत्रू ऊन. काजळी मिसळलेली जाळी उन्हात अधिक टिकते आणि माती व गवताखाली झाकली गेल्यास तिचे आयुष्य वाढते. उघडी राहिल्यास ती ठिसूळ होऊन तिचे तुकडे शेतात मिसळतात. बारीक जाळ्यांत सापही अडकतात.

निष्काळजीपणाचे मोल

बहुधा जाळी झिजण्याआधी तिची मांडणीच दगा देते. जाळी जमिनीला घट्ट चिकटली नाही, तर पाणी तिच्याखालून वाट काढते. म्हणून वरचे टोक सुमारे १५ सेंटिमीटर खोल चरात पुरावे; कौलांप्रमाणे वरची पट्टी खालच्या पट्टीवर यावी आणि खुंट्या पुरेशा असाव्यात. गवत रुजेपर्यंत गुरे दूर ठेवावीत. प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहणी करून साचलेला गाळ काढावा, उघड्या जागी पुन्हा गवत लावावे.

भूवस्त्र आज ना उद्या विरणारच. ते विरल्यानंतर माती धरून ठेवणार ते गवतच. म्हणून जाळीच्या खरेदीइतकीच काळजी गवताच्या जोपासनेची घेतली पाहिजे.