घट्ट झालेले खत आणि घट्ट झालेले सिमेंट

पावसाळ्यात कोठीत ओल शिरली म्हणजे युरियाचे व सिमेंटचे पोते सारखेच घट्ट होते. परंतु त्यांपैकी एक उपयोगी पडते व दुसरे वाया जाते. याचे कारण समजण्यास पदार्थांत होणारे बदल ओळखता आले पाहिजेत.

भौतिक बदल : यात पदार्थाचे केवळ रूप पालटते, मूळ द्रव्य कायम राहते. ओलीमुळे युरियाचे दाणे एकमेकांस चिकटतात, परंतु तो युरियाच असतो. ढेकळे फोडून खत वापरावे. फेकून देऊ नये. युरिया पाण्यात विरघळविला असता भांडे गार लागते; तरी ते पाणी उन्हात सुकविल्यास युरिया परत मिळतो. म्हणून केवळ गारवा किंवा उष्णता ही रासायनिक बदलाची खात्रीची खूण नव्हे.

रासायनिक बदल : यात निराळ्या गुणांचा नवा पदार्थ तयार होतो. सिमेंट व पाणी यांच्या संयोगाने नवी संयुगे बनतात. दगडासारख्या झालेल्या गाठी कुटून भुकटी केली तरी तीत पूर्वीची बांधणारी शक्ती येत नाही. असे सिमेंट विहिरीच्या बांधकामास वापरू नये.

अमोनियम सल्फेट चुन्यात मिसळल्यास अमोनिया वायू निर्माण होऊन उग्र वास येतो. तो वास म्हणजे हवेत उडून जाणारे नत्र होय. ही दोन्ही एकत्र कधीही मिसळू नयेत.

काही रासायनिक बदल मात्र हितकारक असतात. मोरचूद पाण्यात विरघळणे हा भौतिक बदल होय. त्यात चुन्याची निवळी मिसळून बोर्डो मिश्रण होणे हा रासायनिक बदल होय. १ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावे. तयार मिश्रणात घासलेले लोखंडी पाते थोडा वेळ बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढल्यास मोरचूद मोकळे उरले आहे असे समजून आणखी निवळी घालावी. अन्यथा पाने करपतात. याच कारणास्तव हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये.

ग्रामसेवकांनी हा पात्याचा प्रयोग गावच्या सभेत करून दाखवावा. मूळ पदार्थ साध्या उपायाने परत मिळतो की नाही, हा प्रश्न शेतकऱ्याने प्रत्येक वेळी विचारावा. म्हणजे चांगला माल टाकला जाणार नाही व निकामी माल वापरला जाणार नाही.