लेकरं झोपल्यावरची बोलणी

घर विकायचा विषय निघाला की आपण सगळेच एक गोष्ट करतो. लेकरं झोपायची वाट बघतो. टीव्ही बंद होतो, आतल्या खोलीतला दिवा मालवतो आणि मग हळू आवाजात हिशेब सुरू होतो. गावाकडच्या वाड्याचे किती येतील, चुलत्यांचा हिस्सा किती, मधला माणूस किती घेणार, हातात काय उरणार. लेकरू मात्र झोपलेलं नसतं. दहावी-बारावीतलं तर नसतंच.

त्याच्या कानावर तुकडे पडतात. ‘क्लासची फी’, ‘होस्टेल’, ‘दुसरा इलाजच नाही’, ‘टॅक्स’. या तुकड्यांतून ते मनाशी काय जुळवतं, हे आपल्याला कधी सांगत नाही. बहुतेक वेळा इतकंच जुळवतं की माझ्यापायी घर चाललं.

आपल्या बीड जिल्ह्यात हे किती घरांत चाललंय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. केज, धारूर, पाटोद्याकडचं माळवदाचं घर पावसाळ्यात गळतं, डागडुजीला माणूस मिळत नाही, आज्जी आता आपल्याजवळ राहायला आलेली. तिकडे लातूरचे क्लास, संभाजीनगरचं होस्टेल, पुण्यातलं भाडं. कुलूप लावून ठेवलेलं घर विकावं असं वाटलं तर त्यात कुणाला दोष द्यायचा? आईबापाचा जीव लेकरात अडकलेला असतो, भिंतीत नाही. (आज्जीचा भिंतीतही असतो, पण तिला विचारतो कोण.)

या सगळ्यात टॅक्सची आठवण सर्वांत शेवटी होते. इसार घेऊन झालेला असतो, पैसे मनातल्या मनात वाटूनही झालेले असतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘नफ्यावर कर बसेल बरं का.’ आपण चिडतो. नफा कसला? आम्ही काय धंदा केला? पणजोबांनी बांधलेलं घर विकून पोरीची फी भरतोय.

ही चीड खोटी नाही, पण ती नेमकी कशावर आहे ते बघू या. कायदा पूर्ण किमतीवर कर मागत नाही. घर २४ महिन्यांहून जास्त काळ आपल्याकडे असेल तर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा मोजतो. घर वारशाने आलेलं असेल तर आधीच्या मालकाचा काळही आपल्या खात्यात धरतो. फार जुन्या घराची मूळ किंमत कोण शोधणार, म्हणून १ एप्रिल २००१ रोजीची किंमत धरायची मुभा आहे. तिच्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घेतात, आणि ती त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही.

खरी गोम पुढे आहे. २३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पाने महागाईची वजावट काढून टाकली आणि कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला. ओरड झाली. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली की, त्या तारखेआधी घेतलेल्या घर-जमिनीला भारतात राहणाऱ्यांनी दोन्ही रीतींनी हिशेब करावा आणि कमी येईल तो कर भरावा.

एक कल्पित हिशेब मांडते. वाड्याची २००१ची किंमत ६ लाख, आणि २०२५-२६ मध्ये तो २४ लाखांना गेला. सरकारचा महागाई निर्देशांक २००१चा १०० होता, त्या वर्षी ३७६ झाला. म्हणजे ते ६ लाख आजचे २२ लाख ५६ हजार. खरा नफा १ लाख ४४ हजार, त्यावर २० टक्क्यांनी २८,८०० रुपये. नव्या रीतीने मात्र १८ लाख नफा, आणि १२.५ टक्क्यांनी २ लाख २५ हजार. वर उपकर वेगळा. घर तेच, पैसे तेच, आणि फरक एका मुलाच्या होस्टेलच्या दोन-तीन वर्षांचा.

आकडेमोड केली तर दिसतं की २००१पासून भाव आठ-साडेआठ पटींहून जास्त वाढला असेल तरच नवी रीत स्वस्त पडते. शहरातल्या मोक्याच्या जागेचा वाढतो तेवढा. गावठाणातल्या माळवदाचा कुठून वाढायला? ज्याचं घर महागाईबरोबर जेमतेम चाललं, त्याच्या हातात खरं तर काहीच वाढलेलं नाही. त्याला नफा म्हणून कर लावणं मला पटत नाही. जुन्या घरांना पर्याय तरी आहे. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घरांना तोही नाही. आज हप्ते काढून बीडमध्ये फ्लॅट घेणाऱ्या तरुण आईबापांनी हे लक्षात ठेवावं. त्यांची लेकरं कॉलेजात जातील तेव्हा ते अंगावर येईल.

आणखी एक गंमत. गावातली शेतजमीन विकली तर हा कर नाहीच. ती कायद्याच्या भाषेत भांडवली मालमत्ताच धरत नाहीत, फक्त नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या बाहेर हवी. बीडची लोकसंख्या लाखाच्या वर म्हणून ६ किलोमीटर, परळी-अंबाजोगाईसारख्या गावांना २. शेताच्या कडेचं घर विकलं तर मात्र आहे. रस्त्याला किंवा रेल्वेला जमीन गेली आणि २०१३च्या भूसंपादन कायद्याने मावेजा मिळाला, तर त्यावरही आयकर नाही. म्हणून शेजाऱ्याला एक रुपया कर नाही आणि आपल्याला आहे, हे बघून माणूस गोंधळतो. लेकरांनाही वाटतं, पप्पांनीच काहीतरी चुकवलं.

पण या कराची दुसरी बाजूही आहे. १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर ते बीड रेल्वे एकदाची धावली. आपल्या दोन पिढ्या तिची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. आता स्टेशनजवळ कुणाचा प्लॉट असेल आणि त्याचा भाव चढला, तर त्यात मालकाचा घाम किती? रूळ सगळ्यांच्या पैशाने आले. ज्या ऊसतोड कामगाराकडे विकायला घरच नाही, त्यानेही साबणाच्या वडीवर कर भरलाय. गुरुजींच्या पगारातून दर महिन्याला कर कापला जातो. मग बसल्या जागी झालेल्या मोठ्या नफ्याला सूट का द्यायची? म्हणून सगळाच कर रद्द करा असं मी म्हणणार नाही. महागाई वजा करा, उरलेल्यावर घ्या, आणि राहत्या घराला आयुष्यात एकदा मोठी मोकळीक द्या, एवढंच माझं म्हणणं.

मोकळीक आजही आहे, पण तिची अट बघा. घराच्या नफ्यातून दुसरं घर घेतलं तर कर नाही. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत विकत घ्यायचं, नाहीतर तीन वर्षांत बांधायचं. आपण त्याला कलम ५४ म्हणून ओळखतो. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदललेत, तत्त्व तेच आहे. विटांचे पैसे विटांत गेले तर माफ, आणि लेकराच्या फीत गेले तर नाही. मेडिकलच्या खासगी कॉलेजची फी भरायला घर विकलेल्या बापाला कायदा विचारतो, ‘घर कुठे घेतलंत?’

इतर देशांत हे वेगळ्या तऱ्हेने बघतात. इंग्लंडमध्ये माणसाच्या मुख्य राहत्या घराच्या नफ्यावर साधारणपणे हा कर नाही. अमेरिकेत १९९७पासून असा नियम आहे की, शेवटच्या पाच वर्षांतली दोन वर्षं त्या घरात राहिला असाल तर एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ. ते विचारतात, तुम्ही तिथे राहत होता का. आपल्याकडे विचारतात, पैसे कुठे घातले. न्यू जर्सीतली मराठी आई घर विकून मुलीच्या कॉलेजला पैसे देऊ शकते, केजची आई तेच करून कर भरते. ही गोष्ट आमदार-खासदारांच्या कानावर घालायला हरकत नाही.

अट अशी असल्यामुळे आपण काय करतो? कर वाचवायच्या घाईत दोन वर्षांच्या आत कुठलाही फ्लॅट घेऊन टाकतो. लेकराचं कॉलेज एका टोकाला, फ्लॅट दुसऱ्या टोकाला, आणि फीसाठी पुन्हा कर्ज. करापायी गरज मागे राहते. कधी कधी कर भरून पैसे मोकळे ठेवणंच स्वस्त पडतं. निदान दोन्ही आकडे शेजारी लिहून बघावेत.

लेकरू अजून सातवी-आठवीत असेल तर मला एक वाट बरी वाटते. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत नफ्याची रक्कम, ५० लाखांपर्यंत, आरईसी किंवा पीएफसीसारख्या ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत घातली तर त्यावर कर नाही. पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज बेताचं, तेही करपात्र. पण ते सुटतात तेव्हा लेकरू बारावी ओलांडत असतं.

घरच घ्यायचं असेल पण अजून सापडलं नसेल, तर विवरणपत्र भरायच्या मुदतीआधी पैसे बँकेतल्या भांडवली लाभ खात्यात ठेवावे लागतात. ते बँकेतच, पतसंस्थेत नाही. जास्त व्याजाच्या आशेने आपल्या जिल्ह्यात मल्टीस्टेट पतसंस्थांमध्ये घराचे पैसे ठेवलेल्या माणसांचे हाल आपण बघितलेत. त्यावर आणखी काय बोलायचं.

आणि मायेपोटी नवं घर थेट मुलाच्या नावावर घेऊ नका. सूट विकणाऱ्याला असते. मुलाच्या नावावर घेतलेल्या घरासाठी ती मुंबई उच्च न्यायालयाने नाकारल्याचं प्रकरण आहे. वाडा आज्जीच्या नावावर असेल आणि तिला दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या कररचनेतले करमुक्त ४ लाख तिच्या या नफ्यातूनही वजा होतात. हिस्सेदार तिघं असतील तर तिघांचे हिशेब वेगळे होतात, आणि दुबईतल्या दिरांना ती महागाईची रीत निवडता येत नाही. सीएकडे इसारपावतीच्या आधी जावं ते यासाठी.

आता थोडं अवघड बोलते. ‘रजिस्ट्रीत एवढेच दाखवू, वरचे रोख घ्या’ हे वाक्य आपल्याकडे चहाबरोबर येतं. नाही म्हणणारा वेडा ठरतो. कायद्याने घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. शिवाय खरेदीखतातली किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी दाखवली तर कर रेडी रेकनरच्याच किमतीवर बसतो. पण दंडाचं जाऊ द्या. पैशाची पिशवी कपाटात कपड्यांखाली जाते आणि ‘कुणाला सांगायचं नाही’ असं आपण लेकराला बजावतो. मग ते घाबरतं. दारावर थाप पडली की आधी कपाटाकडे बघतं. परीक्षेच्या वर्षी त्याला ही राखण कशाला?

मग त्याला सांगायचं तरी काय आणि किती? मला वाटतं, आपण समजतो त्यापेक्षा बरंच जास्त. आमच्या धाकटीने एकदा विचारलं, ‘मागच्या परसातलं चिंचेचं झाडपण विकलं का?’ तिला लाखांशी काही देणंघेणं नव्हतं. झाडावर पुन्हा चढता येईल का, एवढंच हवं होतं. नाही चढता येणार असं सांगितलं. रडली, आणि संध्याकाळी जेवली.

मोठ्या मुलांचं असं पटकन होत नाही. ती रडत नाहीत, गप्प होतात, जास्त अभ्यास करतात, आणि आपल्याला वाटतं पोरगं शहाणं झालं. ते घराची परतफेड करत बसलेलं असतं. पहिल्या सराव परीक्षेत मार्क घसरले की त्याला मार्क दिसत नाहीत, वाडा दिसतो. रागाच्या भरात आपल्याही तोंडून निघून जातं, ‘तुझ्यासाठी घर विकलं आम्ही!’ दिवसभराच्या दगदगीनंतर कुणाच्याही तोंडून निघतं. पण खरं बघितलं तर वाडा गळत होता, हिस्सेदारांना वाटणी हवी होती, आज्जी तिथे एकटी राहू शकत नव्हती. फी हे त्यातलं एक कारण.

म्हणून हिशेबाचा कागद त्याच्यासमोर ठेवावा असं मला वाटतं. किंमत, चुलत्यांचा हिस्सा, कर, आज्जीच्या औषधाला बाजूला काढलेले, त्याच्या शिक्षणाचे, उरलेले. आपली रक्कम सगळ्यांत मोठी नाही हे त्याला दिसतं. निकाल काहीही लागला तरी विकलेलं घर त्याच्या नावावर मांडायचं नाही, हेही तेव्हाच, तोंडाने सांगावं. मनात असतं ते लेकरांना कळतं, असं आपण धरून चालतो. नाही कळत.

सीएकडे जाताना त्यालाही न्यायला हरकत नाही. कंटाळेल, मोबाइल काढेल. पण कदाचित विचारेल, ‘काका, फी भरली तर सूट का नाही?’ त्याचं उत्तर सीएंकडेही नसेल.