विंचू जेवत का नाही?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत शिकतो. त्याने ‘एम्परर’ जातीचा मोठा काळा विंचू पाळला आहे. आणल्यापासून महिना झाला, पण तो रातकिड्याला तोंड लावत नाही. मटणाचा तुकडा ठेवला, तोही तसाच पडून राहिला. विंचू एवढा चोखंदळ असतो का? उपाशी मरणार तर नाही ना? आणि हे ऐकून आमचा धाकटा अंगणातला विंचू बरणीत पाळायचा हट्ट धरून बसला आहे. त्याला काय सांगू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी जीव भांड्यात पडू द्या. महिनाभर न जेवणे ही धडधाकट विंचवाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट नाही. आपण खातो त्यातले बरेचसे अन्न शरीर उबदार ठेवण्यात खर्ची पडते. विंचवाला हा खर्चच नाही. त्याचे शरीर बाहेरच्या उबेवर चालते आणि दिवसाचा बहुतेक वेळ तो बिळात निपचित पडून असतो. त्यामुळे विंचू कित्येक महिने अन्नाशिवाय काढू शकतो. पूर्ण वाढलेल्या एम्पररला आठवड्याला एखाददुसरा मोठा रातकिडा पुरतो.

मुळात तो खरेच जेवत नाही का, हे तपासायला हवे. विंचू रात्री, अंधारात खातो. नांग्यांनी, म्हणजे पुढच्या मोठ्या चिमट्यांनी, पकडलेला किडा तोंडापुढच्या लहान चिमट्यांनी कुस्करायचा, त्यावर पाचक रस सोडायचा आणि पातळ झालेले अन्न शोषून घ्यायचे, अशी त्याची रीत. एका किड्याला काही तास लागतात. शेवटी पाय, पंख आणि कवच यांची एक छोटी चुरगळलेली गोळी तेवढी उरते. भाच्याला सकाळी पेटीच्या कोपऱ्यात अशी गोळी शोधायला सांगा. ती सापडली, तर प्रश्न तिथेच मिटला.

नाही सापडली, तर विंचवाचे वय विचारा. तो अजून वाढीचा असेल, पोट फुगलेले आणि हालचाल मंद असेल, तर कात टाकायची वेळ जवळ आली असावी. त्या काळात विंचू अन्नाला शिवत नाही. कात टाकल्यावरही अंग मऊ असते आणि ते टणक होईपर्यंत तो खात नाही. अशा वेळी पेटीत जिवंत रातकिडा सोडून ठेवणे धोक्याचे, कारण तो मऊ विंचवालाच कुरतडतो. म्हणून न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा. पूर्ण वाढ झालेला विंचू मात्र पुन्हा कात टाकत नाही, तेव्हा मोठ्या विंचवाला हे कारण लागू नाही.

पूर्ण वाढलेली मादी असेल, तर ती गाभण असू शकते. एम्परर मादी पिल्ले पोटात नऊ महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ वागवते आणि प्रसूतीच्या आधी तिचे खाणे सुटते. पिल्ले आईला खाऊन जगतात, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खरे नाही. पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर राहतात आणि अंगातल्या साठ्यावर निभावतात. उलट फार त्रास दिला, तर आईच पिल्ले खाऊन टाकते. म्हणून त्या काळात पेटीला हात लावू नये.

यातले काहीच नसेल, तर पेटीकडे वळा. एम्परर हा पश्चिम आफ्रिकेतल्या दमट जंगलांचा रहिवासी. त्याला २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब, ओलसर कोकोपीटचा जाड थर, दडायला आडोसा आणि उथळ ताटलीत पाणी लागते. थंडीत पचन मंदावते, मग भूक कुठून लागणार? शिवाय कोरडेपणा त्याला उपासापेक्षा लवकर मारतो.

राहिला मटणाचा तुकडा. विंचवाची नजर अधू असते. नांग्यांवरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते, पायांना जमिनीतला कंप कळतो, आणि शिकार सापडते ती यावरच. हलत नाही ते बहुधा त्याच्या लेखी अन्नच नव्हे. रातकिडा विंचवाला कुरतडेल अशी भीती वाटत असेल, तर ताजा मारलेला किडा लांब चिमट्यात धरून त्याच्या पुढ्यात हलवून पाहावा. घरातले झुरळ मात्र देऊ नये, त्याच्या अंगात कीटकनाशक असू शकते. पोट खपाटीला गेले आणि विंचू पाय ओढत चालू लागला, तर पशुवैद्याला दाखवायचे.

आता धाकट्याचे. एम्परर आकाराने मोठा असला, तरी त्याचे विष सौम्य असते आणि त्याची सारी मदार नांग्यांवर. तुमच्या कोकणातला लाल विंचू आकाराने लहान, पण त्याचे विष हृदयावर जाते आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि कितीतरी जीव वाचले. पण तो उपचार वेळेवर मिळावा लागतो. तेव्हा बरणी आजच काढून घ्या. कधी दंश झालाच, तर मंत्र-उतारा करत न बसता मुलाला तडक दवाखान्यात न्या.