कापोरेत्तो : एका गांवाचें नांव

एखाद्याचा पुरता धुव्वा उडाला म्हणजे 'त्याचें पानिपत झालें' असें आपण म्हणतों. इटालियन भाषेंत त्याच अर्थानें 'कापोरेत्तो' हा शब्द रूढ आहे. हें सोचा नदीच्या कांठीं, आल्प्सच्या कुशींत वसलेल्या एका लहानशा गांवाचें नांव होय. तेथील स्लोव्हेन रहिवासी त्यास कोबारीद म्हणतात.

हें गांव पूर्वीं ऑस्ट्रियाच्या राज्यांत होतें. १९१५ सालीं इटली पहिल्या महायुद्धांत उतरली व तिच्या सैन्यानें तें घेतलें. पुढें सेनापति लुइजी कादोर्ना यांनीं सोचेच्या खोऱ्यांत अकरा लढाया दिल्या. मनुष्यहानि अपरिमित झाली. भूमि मात्र थोडीच हातीं आली. शिपाई थकले होते, शिस्त निष्ठुर होती आणि बचावाची तयारी अपुरी होती.

२४ ऑक्टोबर १९१७ रोजीं पहांटे जर्मन व ऑस्ट्रियन सैन्यांनीं विषारी वायूचा व तोफांचा भयंकर मारा केला. नंतर शिखरें एकेक जिंकीत न बसतां तीं दऱ्यांतून वेगानें पुढें घुसलीं. त्याच दिवशीं कोबारीद पडलें. डोंगरांवरील इटालियन तुकड्यांची पिछाडी उघडी पडली, हुकूम वेळेवर पोहोंचेनात, आणि माघारीचा लोंढा थेट पियावे नदीपर्यंत गेला. अडीच लाखांहून अधिक सैनिक कैद झाले.

चारच दिवसांनीं कादोर्ना यांनीं जाहीर पत्रकांत आपल्याच शिपायांवर भ्याडपणाचा ठपका ठेविला. परंतु नोव्हेंबरांत त्यांच्या जागीं आर्मांदो दियाझ आले. त्यांनीं शिपायांच्या अन्नाची व रजेची व्यवस्था सुधारली. ज्यांस भ्याड म्हटलें त्याच सैन्यानें पियावेचा कांठ राखिला आणि १९१८ सालीं विजय मिळविला. १९१९ सालीं सरकारी चौकशी मंडळानें पराभवाचा मुख्य दोष सेनानायकांकडे दिला.

बिचाऱ्या गांवाचा यांत काय अपराध? महायुद्धानंतर तें इटलीकडे, १९४७ सालीं युगोस्लाव्हियाकडे गेलें, व १९९१ पासून स्वतंत्र स्लोव्हेनियांत, इटलीच्या सीमेनजीक आहे. तेथें १९९० सालीं उघडलेल्या संग्रहालयांत त्या युद्धाची हकीकत सांगितली जाते.

अपयश आलें असतां हाताखालच्यांस दोष देणें सोपें असतें. आपली योजना कोठें चुकली हें शोधणें कठीण. परंतु पुढील यशाचा मार्ग तेथूनच निघतो.