पंचाच्या अंगास हात न लावणे : फुटबॉलच्या तासातील एक पाठ

(वरिष्ठ प्राथमिक इयत्तांच्या शिक्षकांकरिता)

कोल्हापूर जिल्ह्यात फुटबॉल हा केवळ शाळेतला खेळ नव्हे. शहरातील अनेक संघ तालमींची नावे धारण करतात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठापेठांतून माणसे लोटतात. याच जिल्ह्याचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला. ही ओढ हुपरीसारख्या गावांतील शाळांच्या मैदानापर्यंत पोहोचावी हे स्वाभाविकच होय. परंतु मुले मोठ्यांचा खेळ उचलतात, तसा मोठ्यांचा रागही उचलतात. निर्णय मनाविरुद्ध गेला की पंचाभोवती कोंडाळे करणे, त्याचा हात धरून ओढणे, अंगावर धावून जाणे, ही त्या रागाची पहिली पावले होत.

नियम काय सांगतो

खेळातील घटनांविषयी पंचाने दिलेला निर्णय अंतिम असतो. आपली चूक ध्यानी आल्यास, खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी, ती दुरुस्त करण्याचा अधिकार पंचालाच आहे. शब्दाने वा कृतीने निषेध करणाऱ्यास पिवळे कार्ड मिळते. पंचाविरुद्ध हिंसक वर्तन करणाऱ्यास लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढले जाते. ही कार्डे प्रथम १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धेत वापरली गेली. २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत तर निर्णयाची विचारणा करण्यास केवळ कर्णधारानेच पंचापाशी जावे, असा दंडक घालण्यात आला. शाळेत याहून सोपा नियम असावा : निर्णयाच्या वेळी पंचाच्या अंगास कोणीही हात लावू नये.

धोका कोणता

डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधील अलमेरे येथे किशोरांच्या सामन्यानंतर खेळाडूंनी सीमारेषेवरील साहाय्यक पंचास मारहाण केली. तो स्वयंसेवक होता, आणि त्याचा स्वतःचा मुलगा त्या सामन्यात खेळत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांत सहा किशोर होते आणि एका खेळाडूचे वडीलही होते. ही शेवटची गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. सीमारेषेबाहेरील वडीलधाऱ्यांचे वर्तन हाही मुलांचा पाठच असतो.

आपल्या राज्यातील उदाहरण कुस्तीचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निर्णय अमान्य करून एका नामांकित मल्लाने पंचास लाथ मारली. त्या स्पर्धेतील गैरवर्तनाबद्दल दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न निराळा. निर्णय चुकला तरी हात उगारण्याचा अधिकार उत्पन्न होत नाही, हेच मुलांच्या मनावर ठसवावयाचे आहे.

पाठाची मांडणी

गावच्या शाळेत बहुधा गुरुजीच पंच असतात, म्हणून मुले गप्प राहतात. तो गुरुजींचा धाक असतो, पंचाचा मान नव्हे. परगावच्या सामन्यात अनोळखी पंच समोर आला की हा भेद उघडा पडतो. यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

१. प्रस्तावना. हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव. चांदीचे वजन होत असताना काट्यास बोट लावले तर काय होईल, असे मुलांना विचारावे. उत्तर त्यांच्याकडूनच येईल. पंच हा खेळाचा काटा होय, एवढेच मग सांगावे. काट्याविषयी शंका असल्यास वजन पुन्हा करण्यास सांगता येते, काटा हिसकावता येत नाही.

२. कृती. शिट्टी वाजताच प्रत्येकाने जागीच थांबावे व दोन्ही हात पाठीशी घ्यावेत. केवळ कर्णधाराने दोन हातांचे अंतर राखून, 'पंचसाहेब, कशाबद्दल निर्णय दिलात?' असे विचारावे. हा सराव सामन्यापूर्वी, मन शांत असताना, वारंवार घ्यावा. रागाच्या भरात नवा नियम शिकता येत नाही. अंगवळणी पडलेली सवयच त्या वेळी उपयोगी येते.

३. पालट. प्रत्येक मुलाच्या हाती पाच-पाच मिनिटे शिट्टी द्यावी. एका क्षणी बावीस जणांवर नजर ठेवणे किती कठीण आहे, हे त्यास स्वतः कळेल. या वेळी गुरुजींनी एका संघातून खेळावे, आणि विद्यार्थी-पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तरी सर्वांसमक्ष मान्य करावा. या पाठाचा गाभा हाच.

४. उल्लंघन झाल्यास. पंचास हात लावणाऱ्या मुलास त्या दिवसाच्या खेळातून थांबवावे; मग तो संघातील सर्वांत चांगला खेळाडू असो. मारू नये, सर्वांदेखत अपमानही करू नये. दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाती शिट्टी द्यावी.

५. पालकांस सूचना. सामन्यापूर्वी पालकांस सीमारेषेबाहेर उभे राहण्याची आणि पंचास उद्देशून न ओरडण्याची विनंती करावी.

सामना संपल्यावर दोन्ही संघांनी पंचाशी हस्तांदोलन करावे. त्या दिवशी हरलेल्या संघातील मुलेही शांतपणे पुढे आली, म्हणजे पाठ साधला असे समजावे.