अंगावर पिणारे मूल आणि हंगामाचे काम



लागण, खते, पाण्याच्या पाळ्या, खोडवा यांवर आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. वर्ष-दीड वर्षाचे अंगावर पिणारे मूल असताना आईला कामावर जावे लागले, तर त्याच्या दुधाचे काय करावे, हा तो विषय. शेतकी खात्याच्या माणसांनी यात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण आपला ऊस ज्या कोयत्याने तुटतो तो कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीड जिल्ह्यातून आणि आपल्याच गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर भागातून ही माणसे दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात. शाळेतली पोरे पुष्कळदा आजीजवळ राहतात, पण अंगावरचे मूल आईबरोबर फडात येते. शिवाय आपल्या घरच्या लेकी-सुना खुरपणीला जातात, कोणी अंगणवाडीत, शाळेत, ऑफिसात कामाला आहेत. प्रश्न सगळ्यांचाच आहे.

१. दुसऱ्या वर्षी दूध कशाला?

लागणीच्या उसाकडे सगळ्यांचे लक्ष, खोडव्याकडे कोणाचे नाही, हे आपण जाणतो. मुलाचेही तसेच होते. तान्ह्याचे सगळे कौतुक, मूल चालायला लागले की "आता जेवतंय की, दूध कशाला?" असे म्हणून सगळे मोकळे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे : पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करावे आणि दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही दूध चालू ठेवावे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला लागणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे एक तृतीयांश आईच्या दुधातून मिळू शकतात. त्याखेरीज रोगाशी लढणारी द्रव्ये दुधात असतात. कोपीवर पाणी कुठले, भांडी कुठली, माश्या किती, हे आपण पाहतोच. अशा जागी त्या द्रव्यांची गरज घरापेक्षा जास्त.

२. कामाची वेळ आणि दुधाची वेळ

दूध कसे तयार होते ते आधी समजून घ्यावे. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, उपसा थांबला की झरे बुजतात. मूल जितके पिईल तितके दूध येते. कामाने दूध आटत नाही. मूल अंगाला लागेनासे झाले म्हणजे ते आटते.

मूल सहा-आठ महिन्यांचे असेल तर आई नसताना त्याला काढून ठेवलेले दूध लागते. आईने हात साबणाने धुऊन, स्वच्छ वाटीत हाताने दूध काढावे. झाकून सावलीत, गार जागी ठेवले तर ते तीन-चार तास टिकते. उन्हाळ्यात त्याहून लवकर पाजावे. पाजताना वाटी-चमचा वापरावा, बाटली नको. बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही आणि तिथूनच हगवण लागते. दुधाच्या बाटल्या आणि डब्यातली दूध-पावडर यांच्या जाहिरातीवर सरकारने १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती उगीच नव्हे.

मूल वर्षाच्या पुढचे असेल तर काम सोपे आहे. दिवसा ते जेवू शकते. आईने सकाळी निघण्यापूर्वी एकदा, परत आल्याबरोबर एकदा आणि रात्री मागेल तसे पाजावे. एवढ्याने आठ-नऊ तास बाहेर राहणाऱ्या आईचेही दूध टिकते. सुटीच्या दिवशी मूल मागेल तेव्हा द्यावे. कामावर असताना छाती भरून आली, ठणका लागला, तर थोडे दूध हाताने काढून टाकावे. तसेच ठेवले तर गाठ होऊन ताप येतो. तरीही पाजणे बंद करू नये. ताप उतरला नाही तर दवाखाना गाठावा.

वरचे अन्न महागाचे लागत नाही. मुगाचे वरण आणि तूप घालून कुस्करलेली मऊ भाकरी, खिचडी, शेंगदाण्याचे बारीक कूट, उकडलेले अंडे, केळ. दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर भरवावे. चहात बुडवलेले बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे, आणि फडात हातात दिलेले उसाचे कांडेही नव्हे. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पण अंग धरत नाही.

३. तीस रुपयांचा हिशोब

फडातल्या आईची अडचण मात्र निराळी आहे. तिला पगार नाही, टनावर पैसे आहेत. ती खाली बसली की मोळ्या कमी होतात, नवरा पाहतो, मुकादम हटकतो. म्हणून मूल झोळीत रडत राहते आणि ती "एवढी सरी होऊ द्या" म्हणत राहते.

आपण हिशोब मांडून पाहू. एक जोडी दहा तासांत दोन टन ऊस तोडते असे धरा. आईने दिवसातून तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे मुलाला घेतले तर पाऊण तास गेला. दोघांच्या मिळून वीस तासांत दोन हजार किलो, तर पाऊण तासात पंचाहत्तर किलो. टनाला चारशे रुपये धरले तरी हे झाले तीस रुपये. आता मूल हगवणीने पडले तर काय होते ते पाहा. दवाखान्याची फेरी, औषध, दोन दिवसांचा खाडा, आणि वर उचलीचा बोजा. फडही रखडतो. तीस रुपये वाचवून कोणाचेच भले होत नाही.

४. काही गैरसमज

उन्हातून आल्यावर अंगावरचे दूध "तापते", ते पिळून टाकावे, असे बाया म्हणतात. हे खरे नाही. दूध अंगात तापत नाही, नासतही नाही. आईने हातपाय धुवावेत, तांब्याभर पाणी प्यावे आणि मुलाला घ्यावे.

हंगामावर निघताना कडुनिंब किंवा कोरफड लावून दूध एका दिवसात तोडतात. नवी जागा, थंडी, परके पाणी, आणि त्याच आठवड्यात दूधही गेले, म्हणजे मुलावर चहूबाजूंनी घाव. दूध सोडवायचेच असेल तर आधीपासून, तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी करत सोडवावे. मूल आजारी असताना तर मुळीच नाही.

हगवण लागली की दूध बंद करतात, हेही चूक. उलट जास्त वेळा पाजावे. जोडीला जलसंजीवनी द्यावी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, माप नेमके हवे. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात, त्या चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त गेले तर घरी थांबू नये.

५. कायदा कोठवर पोचतो

नोकरदार बाईसाठी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुटी दिली. २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. याच तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. ज्यांच्या लेकी-सुना नोकरीत आहेत त्यांनी हा हक्क मागून घ्यावा. पण टोळीतल्या बाईची हजेरी मुकादमाच्या वहीत, तिच्या सुटीची नोंद कोण ठेवणार?

असे असले तरी वाट आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी सोय होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर त्याच मजुरांतली एक बाई मुले सांभाळायला ठेवायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. १९६९ मध्ये दिल्लीत इमारतीच्या बांधकामावरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू झाले. आपल्याकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल सोयीकडे येत नसेल तर सोय मुलाकडे न्यावी, एवढाच याचा अर्थ.

६. सभासदांनी काय करावे

टोळी आपल्या रानात तीन-चार दिवस असते. तेवढ्यापुरते पुढील गोष्टी प्रत्येकाला जमतील.

(अ) बांधावरच्या बाभळीला किंवा लिंबाला झोळ्या बांधायला जागा करून द्या. ट्रॉलीच्या किंवा गाडीच्या सावलीत मूल कधीही निजवू देऊ नका; गाडी हलली तर चाकाखाली येते. पाचटाच्या ढिगातही नको, साप-विंचू असतात.

(आ) पिण्याच्या पाण्याची झाकलेली घागर आणि साबण ठेवा. तणनाशकाच्या रिकाम्या कॅनमधून पाणी देऊ नका. फवारणीचे काम केलेल्या बाईने अंग धुऊन, लुगडे बदलून मगच मुलाला घ्यावे.

(इ) टोळीत लहान मुले जास्त असतील तर मुकादमाशी बोलून एक वयस्क बाई मुलांजवळ बसवा. तिची मजुरी सभासदाने आणि टोळीने वाटून घ्यावी.

(ई) दुपारच्या भाकरीला आणि मधे दोनदा, अशी पाजण्याची वेळ ठरवून द्या. ती मालकाच्या तोंडून ठरली की बाईला कोणी हटकत नाही.

(उ) आपल्या गावच्या अंगणवाडी सेविकेला टोळी आल्याचे कळवा. बाहेरगावच्या आईचे व मुलाचे नाव इथल्या अंगणवाडीत जोडता येते. आहार, वजन, लस इथेच मिळते.

(ऊ) घरच्या सुनेलाही हाच नियम. खुरपणीच्या पातीपेक्षा लेकरू मोठे.

यंदा टोळी रानात उतरली की सभासदांनी एकरी उतारा विचारण्याआधी मुकादमाला एक गोष्ट विचारावी : अंगावरची मुले किती? तो आकडा चिटबॉयकडे द्यावा, म्हणजे गट ऑफिसला अंगणवाडीशी आणि आरोग्य उपकेंद्राशी बोलता येईल. खोडवा पहिल्या महिन्यात सांभाळला तर पुढे साथ देतो. लेकराची पहिली दोन वर्षे तशीच आहेत, पण त्याला दुसरी लागण नाही.